खान्देशात परवडणारी रोपं कुठे मिळतील? (सावलीची झाडं, कुंपण, थोडी फळझाडं)

पांझराकाठ, 14 मे

नमस्कार मंडळी. मागच्या दिवाळीत आम्ही धुळ्यात साक्री रस्त्याच्या बाजूला स्वतःच्या घरात राहायला आलो. घराभोवती तीन गुंठे मोकळी जागा आहे, पण झाड एकही नाही. प्लॉट पाडताना बिल्डरने बांधावरच्या बाभळीसुद्धा काढून टाकल्या. पश्चिमेची भिंत दुपारी दोनला तापायला लागते आणि रात्री अकरापर्यंत हाताला गरम लागते. सासूबाईंची खोली नेमकी त्याच बाजूला आहे. या मे महिन्यात त्या रोज अंगणात खाट टाकून झोपल्या.

परवा महामार्गावरच्या एका नर्सरीत गेले. सहा फुटी सप्तपर्णी 900 रुपये, बकुळ 650, आंब्याचं कलम 450. कुंपणाची 80 फूट झुडपं, चार फुलझाडं, लिंबू, सीताफळ असं सगळं धरून त्यांनी 21 हजारांचा आकडा काढला. या कामासाठी माझ्याकडे सहा हजार बाजूला काढलेले आहेत, त्यात खड्डे आणि खतही आलं.

धुळे, जळगाव, नंदुरबार कुठेही चालेल. खात्रीची आणि परवडणारी रोपं कुठे घ्यावीत? आणि मुळात घ्यावीत कोणती? माती काळी आहे, बोअरचं पाणी जड आहे.

रोपवाला बापू, 14 मे

ताई, मी 28 वर्षं सरकारी रोपवाटिकेत काढली. त्यामुळे जे सांगतो ते हाताने केलेलं सांगतो.

पहिल्यांदा सरकारी रोपवाटिकांमध्ये जा. वन विभागाच्या वेगळ्या आणि सामाजिक वनीकरणाच्या वेगळ्या असतात, लोकांना हा फरक माहीत नसतो. एका ठिकाणी ‘नाही’ म्हटलं की परत येतात. दोन्हीकडे विचारा. तालुक्याच्या वनक्षेत्रपाल कार्यालयात गेलात की जवळची रोपवाटिका कुठे आहे ते कळेल. कडुनिंब, करंज, चिंच, बहावा, कांचन, आवळा, जांभूळ, सीताफळ, बांबू ही रोपं बहुतेक ठिकाणी असतात. दर रोपाच्या वयावर आणि पिशवीच्या मापावर ठरतो. पावसाळ्यात वनमहोत्सवाच्या काळात सवलतीचा दर असतो, तेव्हा बाजारभावाशी तुलनाच होत नाही.

पण एक लक्षात ठेवा, पाऊस पडल्यावर जाऊ नका. जूनच्या मध्यानंतर ग्रामपंचायती, शाळा, रस्त्याच्या योजना यांची मोठी मागणी येते आणि चांगली रोपं ट्रकने उचलली जातात. आत्ता मे महिन्यात जाऊन रोपं डोळ्यांनी बघा, किती हवीत ते लिहून द्या आणि सवलत कधीपासून लागू होते ते विचारा. तिथल्या मजूर बायकांशी बोला. कोणत्या वाफ्यातली रोपं जोमदार आहेत हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

आणि सहा फुटी रोपाचा नाद सोडा. दीड-दोन फुटांचं रोप घ्या. पिशवीत दोन-तीन वर्षं अडकलेल्या उंच रोपाची मुळं तळाशी वेटोळी झालेली असतात. जमिनीत लावल्यावरही ती तशीच गोल फिरत राहतात. लहान रोपाचं सोटमूळ सरळ खाली जातं, आणि तिसऱ्या वर्षी ते त्या उंच झाडाच्या पुढे गेलेलं असतं.

काळी माती, 15 मे

बापूंच्या शेवटच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन, आणि माझं नुकसान इथे लिहून ठेवतो म्हणजे दुसऱ्या कुणाचं होणार नाही.

चार वर्षांपूर्वी अमळनेरला शेतघराभोवती 40 झाडं लावली. गावात गाडी घेऊन आलेल्या विक्रेत्याकडून घेतली, दिसायला हिरवीगार, भाव कमी. पुढच्या एप्रिलपर्यंत 31 मेली. मी पाणी कमी पडलं असं समजत होतो. मेलेली रोपं उपटली तेव्हा कळलं. मुळं होती ती सगळी कोकोपीटच्या (नारळाच्या भुश्शाच्या) गोळ्यातच, बाहेरच्या मातीत एक तंतू गेलेला नव्हता. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, तडकते. त्या गोळ्याभोवती बोटभर फट पडली, गरम हवा सरळ मुळांपर्यंत गेली आणि ओतलेलं पाणी फटीतून खाली निघून गेलं.

नंतर चौकशी केली तर ती रोपं आंध्रातल्या कडियमकडून आलेली होती. राजमहेंद्रीजवळचा तो भाग म्हणजे देशातलं मोठं रोपकेंद्र आहे, तिथली माणसं कसबी आहेत, त्यांना दोष नाही. पण गोदावरीच्या काठी, दमट हवेत, सावलीच्या जाळीखाली वाढलेलं पान आपल्या 45 अंशाच्या कोरड्या झळांमध्ये कसं टिकणार? तेव्हापासून नर्सरीत मी पहिला प्रश्न एकच विचारतो: हे रोप इथेच तयार केलंय की बाहेरून आणलंय? आणि बाहेरून आणलं असेल तर मागचा उन्हाळा त्याने इथे काढलाय का?

इथे उन्हाळा काढलेलं रोप दिसायला तेवढं चांगलं नसतं. पानाच्या कडा थोड्या जळलेल्या, खोड राठ. तेच घ्या.

अंजनवेडी, 15 मे

पांझराकाठ ताई, पश्चिमेच्या भिंतीसाठी सप्तपर्णी नको. तिला ओलावा लागतो, आणि दिवाळीच्या सुमारास फुलली की त्या उग्र वासाने काही जणांना श्वासाचा त्रास होतो. खिडकीशी तर नकोच.

सावलीचं झाड निवडताना आपल्याकडे एक गोष्ट बघायलाच हवी: एप्रिल-मेमध्ये त्याच्यावर पानं असतात का? बहावा मला जिवापाड आवडतो, पण तो ऐन मेमध्ये पानं झाडून फुलतो. पळस फाल्गुनात निष्पर्ण. गुलमोहराचंही तेच, शिवाय त्याची फांदी ठिसूळ, वळवाच्या वादळात घरावर पडायची भीती. कडुनिंब मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळून एप्रिलपर्यंत पुन्हा भरतो. करंजही तसाच, चैत्रात त्याची नवी पालवी तेलात बुडवून काढल्यासारखी चमकते. पश्चिमेला हे दोन लावा, भिंतीपासून 15-20 फूट सोडून. बहावा फाटकाजवळ लावा, तिथे फक्त बघायला.

जागा असती तर मी तुम्हाला अंजन लावायला सांगितलं असतं. सातपुड्यात आणि आपल्या कोरड्या टेकड्यांवर ते आपसूक वाढतं, खडकातून मूळ घालतं. पण सुरुवातीची वर्षं ते वर वाढतच नाही, सगळी ताकद मुळात. एवढ्या लहान अंगणात तुम्हाला सावलीची घाई आहे, म्हणून आग्रह धरत नाही.

गिरणामाई, 15 मे

गुलमोहराबद्दल एवढं वाईट बोलू नका हो. आमच्या भडगावच्या शाळेत दोन होते, त्यांच्याखाली आम्ही डबा खाल्ला. मोकळ्या मैदानात लावला तर काय बिघडतं?

अंजनवेडी, 15 मे

मैदानात जरूर लावा ताई. मी फक्त घराजवळ नको म्हणते आहे.

नवापूरकर, 16 मे

आमचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, त्यामुळे रोपांसाठी आमचे लोक सर्रास पलीकडे जातात. भाव थोडा कमी असतो हे खरं. पण कुणी तिकडून कुंपणासाठी कोनोकार्पस आणणार असेल तर थांबा. ते झाड भराभर वाढतं, बारमाही हिरवं राहतं, म्हणून मागची काही वर्षं सगळ्या बंगल्यांभोवती तेच दिसायचं. त्याच्या परागकणांमुळे होणारा श्वसनाचा त्रास आणि मुळांमुळे केबल, जलवाहिन्या, गटारांचं होणारं नुकसान बघून गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपल्याकडे अजूनही काही जण भलतीच नावं सांगून ते विकतात.

80 फूट कुंपणासाठी रोपं विकत घ्यायचीच कशाला? मेंदीच्या छाटण्या आणा. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, दोन डोळे (फूट येते त्या गाठी) मातीत आणि दोन वर. झडीच्या दिवसांत लावल्या की बऱ्याच फुटतात, थोड्या मरतील असं धरून जास्त लावा. मधे मधे अडुळसा आणि निर्गुडी. या दोघांना शेळी तोंड लावत नाही, आणि नवीन वसाहतीत शेळ्यांचा बंदोबस्त आधी बघावा लागतो. हे सगळं कुठल्याही खेड्यात शेताच्या बांधावर फुकट मिळतं, मालकाला विचारून घ्या.

बांधावरची बोर, 17 मे

फळझाडांचं मी सांगतो, कारण तिथे फसवणूक जास्त आहे आणि ती कळायला पाच वर्षं लागतात.

फळझाडांच्या रोपवाटिकेला परवाना लागतो. त्यासाठी आपल्या राज्यात 1969 पासून कायदा आहे. परवानाधारक रोपवाटिका कोणत्या ते तालुका कृषी अधिकाऱ्याकडे विचारा. पावती मागा, पावतीवर जात लिहून घ्या. पावती द्यायला जो का-कू करतो त्याच्याकडून आंबा घेऊ नका.

आपल्या भागात कृषी विज्ञान केंद्रं आहेत: धुळ्याला कृषी महाविद्यालयाच्या परिसरात, जळगावजवळ ममुराबादला, रावेर तालुक्यात पालला, नंदुरबारजवळ कोळद्याला. हंगामाआधी तिथे चौकशी करा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या जातींची खात्रीची रोपं अशाच ठिकाणांवरून मिळण्याची शक्यता जास्त. कृषी विभागाच्या शासकीय फळरोपवाटिका आहेत त्या वेगळ्या.

आता कलम ओळखायचं कसं. जमिनीपासून वीतभर उंचीवर जोड दिसला पाहिजे, खालची साल आणि वरची साल वेगळी. जोडाच्या वर निदान दोन वेळा नवी फूट आलेली असावी. जोडाला प्लास्टिकची पट्टी तशीच असेल तर घरी आल्यावर ब्लेडने हलकेच काढा, नाहीतर ती खोडात रुतते. जोडाखालून आलेली फूट लगेच खुडायची, ती गावरान खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या रोपाची असते आणि कलमाला दाबून टाकते. माझ्या चुलत्यांच्या बागेत तीन ‘केसर’ आंबे आहेत जे मुळात केसर नाहीत. कलम कधीच मेलं होतं, वाढला तो खुंट. त्यांनी आठ वर्षं पाणी घातलं.

आणि जिथे कलम लागत नाही तिथे कलमाचे पैसे देऊ नका. कागदी लिंबाचं बियांपासून केलेलं रोप बहुतेक वेळा आईसारखंच निघतं, त्यामुळे चांगल्या बागेतलं बियांचं रोप चालतं. फक्त पानांवर खरबरीत तपकिरी ठिपके बघा, हा खैऱ्या रोग असेल तर ते रोप घरी आणूच नका. सीताफळही बियांपासून तीन-चार वर्षांत फळतं. आंबा, चिकू मात्र कलमच. जांभूळ बियांपासून लावलं तर आठ-दहा वर्षं धीर धरा.

बोराचं तर विकत घेऊच नका असं म्हणेन. गावठी बोराची बी कायमच्या जागेवर लावा, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जाणकाराकडून त्यावर मेहरूणचा डोळा भरून घ्या. जळगावच्या मेहरूणची बोरं म्हणजे आपली ओळख, आणि आता ती झाडं कमी होत चालली आहेत याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्याच्या शेतात जुनं मेहरूण असेल त्याने डोळे द्यावेत, ही इथे सगळ्यांना विनंती.

यावलची रोपवाटिका, 18 मे

मी स्वतः छोटी रोपवाटिका चालवते. बचत गटाच्या आम्ही सात जणी आहोत. धागा वाचून आमचीही बाजू मांडावीशी वाटली.

‘एवढंसं रोप आणि 60 रुपये?’ असं रोज ऐकते. त्या रोपामागे पिशवी, पोयटा माती, शेणखत, जाळी, वर्षभराची निंदणी आणि उन्हाळ्यात विकतचा टँकर असतो. शंभर पिशव्या भरल्या तर विकण्याजोगी सगळी कधीच निघत नाहीत. मागच्या वर्षी मे महिन्यात मोटर जळाली, तीन दिवसांत मोगऱ्याचा निम्मा वाफा गेला. तेव्हा आमच्यासारख्यांशी पाच-पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका. त्याऐवजी पुढचं करा, त्यात तुमचाही फायदा आणि आमचाही.

शेजारीपाजारी मिळून एकत्र मागणी द्या. एक-एक रोपाचा भाव आणि शेकड्याचा भाव यात खूप फरक असतो. जून-जुलैत गर्दी असते, सप्टेंबरच्या शेवटी उरलेली रोपं आम्हाला दुसऱ्या पिशवीत भरावी लागतात, तो खर्च नको म्हणून तेव्हा आम्ही कमी भावात देतो. पाणी द्यायची सोय असेल तर त्या वेळी घ्या, सप्टेंबरची लागवड चांगली लागते. आणि तुम्हाला नक्की काय हवं ते सहा-आठ महिने आधी सांगितलंत तर आम्ही ते तुमच्यासाठीच तयार करू. पारिजातक, कुंती, तगर, कण्हेर, कडीपत्ता ही सगळी आम्ही इथेच, याच उन्हात करतो.

नेताना पिशवी उचलून बघा. मूळ पिशवीखालून जमिनीत गेलं असेल तर उचलताना ते तुटतं आणि रोप आठवड्यात माना टाकतं. असं रोप आठ दिवस आधी हलवून ठेवायला सांगा, आम्ही ठेवतो.

काळी माती, 18 मे

हे आठ दिवसांचं कुणीच सांगत नाही ताई. धन्यवाद.

पांझराकाठ, 18 मे

केवढं दिलंत तुम्ही सगळ्यांनी! सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या सोनगीरच्या, अहिराणीतच बोलतात. म्हणाल्या, “झाड लावनं सोपं शे, उन्हायामां जगाडनं कठीन.” बापूंना एक प्रश्न: कडुनिंब मोठा होईपर्यंत दोन-तीन उन्हाळे भिंतीचं काय करायचं?

रोपवाला बापू, 19 मे

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

भिंतीपासून पाच-सहा फुटांवर शेवगा लावा, चार झाडं. बियाण्याचा खर्च नगण्य. वर्षात आठ-दहा फूट होतो. पावसाळ्यात शेंडा खुडत राहा म्हणजे पसरेल आणि वाऱ्याने मोडणार नाही. कडुनिंब वर आला की शेवगा तोडून टाका, तोपर्यंत शेंगा खा. भिंतीलगत तारा ओढून मधुमालती सोडली तर तीही एका वर्षात भरते.

खड्डे आत्ताच करून ठेवा, दोन बाय दोन बाय दोन फूट. उन्हात तापू द्या. भरताना नुसती काळी माती नको. निम्मी तीच माती, बाकी मुरूम आणि कुजलेलं शेणखत, तळाला विटांचे तुकडे. रोप लावल्यावर बुडाशी पालापाचोळ्याचा चांगला जाड थर, खोडाला न चिकटवता. तडा पडू न देणं हाच काळ्या मातीतला सगळा खटाटोप आहे. पाणी रोज थोडं देऊ नका. आठवड्यातून दोनदा भरपूर द्या, मूळ खाली जाऊ द्या.

पांझराकाठ, 9 जुलै

कळवायला उशीर झाला. सरकारी रोपवाटिकेत मेअखेरीस जाऊन नावं लिहून दिली होती, पहिल्या पावसानंतर रोपं मिळाली: कडुनिंब 2, करंज 2, बहावा 1, कांचन 1, सीताफळ 2, आवळा 1. त्या सगळ्यांना मिळून महामार्गावरच्या एका सप्तपर्णीपेक्षा कमी पैसे लागले. आंब्याची दोन कलमं परवानाधारक रोपवाटिकेतून, पावतीसह. लिंबू बियांचं. फुलझाडं यावलच्या ताईंकडून. आमच्या गल्लीतल्या पाच घरांनी मिळून मागणी दिली आणि गाडीभाडं वाटून घेतलं. मेंदीच्या 140 छाटण्या मामेसासऱ्यांच्या बांधावरून. खड्डे, मुरूम, शेणखत यालाच जास्त लागले. एकूण 5,700.

नवापूरकर, 10 जुलै

140 छान. ऑगस्टमध्ये किती फुटल्या ते सांगा.

पांझराकाठ, 20 मे (पुढचं वर्ष)

हिशोब देते, कारण तुम्ही सगळ्यांनी विचारलं होतं.

कडुनिंब दोन्ही आहेत, एक माझ्या डोक्यावर गेला. करंज एक गेला, तो पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात होता, चूक जागेची. एका आंब्याला मार्चमध्ये झळ लागली, त्याच्यावर जुन्या साडीचा आडोसा केला आणि तो वाचला. आवळा गेला. बाकी सगळी आहेत. मेंदीच्या 140 पैकी 96 लागल्या. शेवगा खिडकीच्या वर गेला आहे, फांद्यांची जाळी दुपारी भिंतीवर पडते. भिंत अजून तापते, पण आता रात्री साडेआठ-नऊला हात ठेवता येतो. सासूबाई गेल्या आठवड्यापासून खोलीत झोपायला लागल्या.

मृगात मेंदी छाटणार आहे. धुळ्यात कुणाला कुंपणासाठी छाटण्या हव्या असतील तर निरोप टाका, दोनेकशे निघतील.

नवी वसाहत, देवपूर, 20 मे

ताई, मला 60 हव्यात. आणि ती सरकारी रोपवाटिका नेमकी कुठे आहे? या रविवारी गेलो तर चालेल का?

पांझराकाठ, 21 मे

रविवारी बंद असेल, सोमवारी सकाळी जा, ऊन चढायच्या आत. पत्ता निरोपात पाठवते. छाटण्या तुमच्यासाठी ठेवते, येताना ओलं गोणपाट घेऊन या.